चौदा नंबरच्या मागावरचा बीम

"उंदीर?" सिद्राम म्हणाला. "मास्तर, मग उंदराच्या हातात ब्लेड कुणी दिलं? तुम्ही?"

सकाळचे आठ वाजून पाच मिनिटं झाली होती आणि चोवीसपैकी एकही माग चालू नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात शांतता झाली की कानात दडे बसतात. दिवसपाळीची सहाही माणसं चौदा नंबरच्या मागामागं जमली होती आणि मी त्यांच्यात उकिडवा बसून बीम बघत होतो. बीम म्हणजे मागाच्या पाठीमागचा लाकडी रूळ. त्यावर ताण्याचे, म्हणजे उभे, अडीच हजार धागे गुंडाळलेले असतात. त्यातले वीतभर रुंदीचे धागे तुटलेले होते, एक थर नाही, तीन थर.

"टोकं बघ की," मी म्हणालो. "पिंजलेली आहेत. ब्लेडनं कापलं की असं दिसतं का? सुताला कांजीची खळ असते. त्या वासानं उंदीर येतो. वीस वर्षांत मी पंचवीस बीम असे बघितलेत."

"वीस वर्षांत तुम्ही धोटा उडून शेजारच्या कारखान्यात जाऊन विणायला लागलेलाही बघितलाय," सिद्राम म्हणाला.

बाकीचे हसले. तोंड मिटूनच हसले, पण हसले. धोट्याची गोष्ट खरंच माझी होती. आमच्या मागावरचा, आडवा धागा नेणारा धोटा सुटला, खिडकीतून गेला, पलीकडच्या कारखान्यातल्या मागात शिरला आणि निम्मा टॉवेल आमच्या रंगात विणून परत आला, अशी ती गोष्ट. चहाच्या वेळी दर दोन महिन्यांनी मागणी यायची आणि दर वेळी मी टॉवेलचा रंग बदलायचो. गोष्टी सांगायचा मला नाद होता. त्या सकाळी तो नाद पहिल्यांदा महाग पडला.

"हे रातपाळीचं काम आहे," सिद्राम म्हणाला. "चौदा नंबरवर रात्री कोण होतं? दस्तगीर. सरळ आहे. शेठला सांगा, आज संध्याकाळी तो आत येता कामा नये. आला तर आम्ही बघून घेऊ."

त्याच्या हातात मागाचा लाकडी दांडा होता. दुरुस्तीसाठी घेतला असेल असं मला वाटून घ्यायचं होतं.

मी राजेशमकडं बघितलं. राजेशम यमूल, बुटका, शांत, सोलापुरातल्या जुन्या विणकर घरातला. बीम तुटलेला पहिल्यांदा त्यानंच बघितला होता, कारण दिवसा चौदा नंबर त्याच्याकडं असायचा.  हातातला झाडू त्यानं भिंतीला उभा केला, मग पुन्हा उचलला, मग पुन्हा उभा केला.

*

मी त्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, बीम चढवणारा, आणि कोण कुठल्या पाळीत, कुठल्या मागावर हे ठरवणारा माणूस. शेठचा माणूस म्हणून कामगार त्याला शिव्या देतात आणि कामगारांचा माणूस म्हणून शेठ देतो.

बारा कामगार होते. सहा हिंदू, सहा मुसलमान. माझ्या आधीच्या जॉबरनं त्यांच्या दोन पाळ्या केल्या होत्या, पहिली आणि दुसरी, आणि दोन्हींत तीन-तीन असे मिसळून टाकले होते. त्याच्या मनात बंधुभाव वगैरे काही नव्हतं. तो अतिशय खडूस माणूस होता. त्याचं गणित एवढंच, की ईदला तीन गेले तरी तीन राहतात, आणि मार्कंडेयाच्या रथाला तीन गेले तरी तीन राहतात. माग बंद पडत नाही. ज्याचा सण नसेल त्यानं शेजाऱ्याचे चार माग सांभाळायचे, म्हणजे आठ. पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं फेडायचे. राजेशम आणि दस्तगीर दोघं पहिल्या पाळीत, शेजारी-शेजारी. अकरा वर्षं राजेशमनं दस्तगीरच्या नमाजाच्या वेळी त्याचे माग बघितले आणि अकरा वर्षं दस्तगीरनं राजेशमच्या नाश्त्याच्या वेळी.

भांडणं नव्हती असं समजू नका. भांडणांनी माझं डोकं पिकलं होतं. पण भांडणं व्हायची ती पहिली आणि दुसरी अशी. पहिली म्हणायची, दुसरीवाले माग घाण टाकून जातात. दुसरी म्हणायची, पहिलीवाले आमचं तेल चोरतात. एकदा तेलाच्या डब्यावरून याच सिद्रामनं स्वतःच्या सख्ख्या चुलतभावाच्या थोबाडीत दिली होती. डबा दस्तगीरचा होता, आणि चुलतभाऊ दुसऱ्या पाळीत होता. आठवडाभर सिद्रामच्या घरी चूल वेगळी पेटली. तरी तो म्हणायचा, "आमच्या पाळीच्या माणसाच्या डब्याला हात लावतो म्हणजे काय?"

उन्हाळ्यात दूर कुठल्यातरी शहरात दंगल झाली. आमच्याकडं काहीसुद्धा झालं नाही. पण पेपरात फोटो आले आणि विश्वनाथशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मास्तर, आपल्याकडं सगळे एकत्र काम करतात. उद्या काही ठिणगी पडली तर?"

"काही पडत नाही, शेठ."

"वेगळे करून टाका. एक पाळी यांची, एक त्यांची. समोरासमोर यायलाच नको. तुमच्याकडं रोज तक्रारी येतातच की."

तिथं मी चुकलो. मला तेव्हा फार दमायला झालं होतं. पन्नाशी उलटली होती, गुडघे बोलत होते, आणि त्याच सकाळी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून मी दीड तास न्यायनिवाडा केला होता. मला वाटलं, वेगळे केले तर निदान गप्प तरी राहतील. केबिनमधून बाहेर आलो आणि फळ्यावरची जुनी यादी पुसून नवी लिहिली. पाच मिनिटं लागली. लिहिताना चुकलोसुद्धा नाही, नावं बघितली की खडू आपोआप खाली-वर जात होता.

पहिले आठ दिवस खरंच गप्प होते. मी घरी जाऊन दुपारी झोपायचो.

मग हळूहळू लक्षात आलं. पूर्वी पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र असायच्या. "हा माग जरा ओढतोय", "त्या धोट्याकडं लक्ष ठेव", असं सांगून, शिव्या देऊन, एकमेकांचा चहा पिऊन माणसं जायची. आता रातपाळी आठला पाच कमी असतानाच निघून जायला लागली. निरोप खडूनं मागावर लिहिलेले असायचे. मग निरोपही थांबले. माग घाण असला तर पूर्वी "दुसरीवाले" म्हणत, आता "ते लोक" म्हणत. धागा तोच, तेल तेच, घाणही तीच. ईदला अख्खी पाळी बंद राहिली आणि शेठ माझ्यावर खेकसले.

आणि आता हा बीम.

*

सगळे पांगल्यावर मी राजेशमला बाजूला घेतलं.

"तू सकाळी आलास तेव्हा बीमखाली काय होतं?"

"कचरा."

"कसला कचरा?"

त्यानं आजूबाजूला बघितलं. "लेंड्या होत्या, मास्तर. उंदराच्या. मूठभर. मी रोजच्यासारखा झाडून टाकला. बीम नंतर बघितला."

"मग बोल की हे! सिद्रामसमोर बोल."

"आता कुठून आणू लेंड्या? आणल्या तरी तो म्हणेल मास्तरनं आणून टाकल्या."

"तू सांगितलंस तर ऐकतील. तू पहिला बघणारा."

राजेशमनं झाडूची काडी तोडली. "मास्तर, पहिल्या पाळीत होतो तेव्हा सांगितलं असतं. तेव्हा दस्तगीर आमचा होता. आता मी ह्यांच्यात बसतो. जेवताना, येताना, जाताना. काल सिद्राम मला म्हणाला, तुझा दोस्त बरा आहे ना बे? हसत म्हणाला. मला पोरंबाळं आहेत."

"दस्तगीरलाही आहेत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "चार. थोरलीचं नाव मीच सुचवलंय."

आणि तो माग चालू करायला गेला.

*

दुपारी मी दस्तगीरच्या घरी गेलो. रातपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असतो, पण दस्तगीर जागा होता. दारात बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होता. माझ्याआधी बातमी पोचली होती.

"या, जॉबरसाब. तुम्हीबी पोलीस घेऊन आलाव का?"

"गप बस. पाणी दे."

त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि न विचारता ताटलीत भाकरी आणि आंबट चुक्याची भाजी वाढली. मी जेवलो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मी पहाटे पाचला बीम बघितलाय," दस्तगीर म्हणाला. "धड होता. माग ओढत होता म्हणून तेव्हा बंद केला, एवढंच. शपथ घेऊ का?"

"नको. पुढं?"

"पुढं काय, आठला पाच कमीला निघालो. निघतोच आता आम्ही." तो थांबला. "पूर्वी असतो तर आठला तिथंच असतो. बघितलं असतं, हसलो असतो, अर्धा दिवस सांधत बसलो असतो."

"संध्याकाळी येऊ नकोस. मी शेठशी बोलतो."

"नाही आलो तर मीच केलं असं होईल. एकदा नाव खराब झालं की ह्या गावातला कुठला कारखाना घेतो मला? टॉवेल सोडून दुसरं काय येतं?" त्यानं चष्मा डोळ्यावर चढवला. "आणि मी एकटा येणार नाही. आमचे सगळे येणार म्हणालेत. मी नको म्हटलं. ऐकत नाहीत. हुसेनभाई म्हणाला, आज तुझा नंबर, उद्या आमचा."

"दांडे घेऊन?"

दस्तगीरनं आत बघितलं. आतून पोरींचा आवाज येत होता. थोरली धाकटीला पाढे म्हणायला लावत होती.

"राजेशम काय म्हणाला?" त्यानं विचारलं.

मी भाकरीचा तुकडा मोडला. "तो म्हणाला, उंदीरच. सगळ्यांसमोर म्हणाला. सिद्रामला तर त्यानं असं झापलं, की..."

"जॉबरसाब," दस्तगीर म्हणाला. "एकोणीस वर्षं तुमच्या गोष्टी ऐकालोय."

 त्यानं माझ्या ताटलीत आणखी अर्धी भाकरी टाकली.

"खावा," तो म्हणाला. "राजेशम झापणारा माणूस नाही."

*

चार वाजता मी केबिनमध्ये गेलो. विश्वनाथशेठ फोनवर होते. फोन ठेवून म्हणाले, "दस्तगीरला काढून टाकू. प्रकरण संपेल."

"शेठ, बीम उंदरानं कुरतडलाय."

"मास्तर, माझ्या वडलांनी चार मागांवर हा कारखाना काढला. उंदरानं कुरतडलेलं सूत मला ओळखू येत नाही असं वाटतं तुम्हाला?"

मी केबिनचं दार लावून घेतलं.

"मग?"

"मग काय? मी उंदीर म्हटलं तर सिद्राम म्हणणार शेठ त्यांच्या बाजूचा. सहाच्या सहा उद्या बसून राहतील. दस्तगीरला काढलं तर निदान एक पाळी चालू राहते."

"आणि दुसरी?"

त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. "तुम्हीच काहीतरी सुचवा. पाळ्या तुम्ही केल्यात."

"तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं मी. केल्यात तुम्ही."

हे खरं होतं. पंख्याचा कटकट आवाज येत होता. मला एकदम वाटलं, इथं खुर्चीवरच जरा डोळे मिटावेत. मग मी म्हणालो, "एक सुचतंय. मला काढा."

"काय?"

"बीम मी कापला. आठ वाजता गेटवर मी सांगतो. तुम्ही मला तिथल्या तिथं काढा. पण उद्या सकाळी फळ्यावर जुनी यादी लागली पाहिजे. पहिली, दुसरी, पूर्वीसारखी मिसळलेली. नवा जॉबर येईल त्याला सांगा, सणाला माग बंद पडतात म्हणून बदल केला. दुसरं काही सांगू नका."

शेठ विचार करतील, नको म्हणतील, निदान बावीस वर्षांचा तरी उल्लेख करतील असं मला वाटलं होतं.

"तुमच्यावर विश्वास ठेवतील का पण?" त्यांनी विचारलं. "तुमची ख्याती..."

"ठेवतील. ह्या गोष्टीत काही अद्भुत नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेसातला मी गेटवर येतो," ते म्हणाले.

*

आठला दहा कमी असताना गेटच्या आत सहा उभे होते आणि बाहेर सहा. मधे लोखंडी फाटक अर्धवट उघडं. आतल्यांच्या हातात मागाचे दांडे. बाहेरच्यांच्या हातातही दांडेच, बहुतेक आमच्याच भंगारातले, कारण ते मी ओळखले. पहारेकरी स्टुलावरून उठून संडासात गेला होता आणि बाहेर येत नव्हता.

"दस्तगीर, तू बाजूला हो," सिद्राम म्हणाला. "बाकीच्यांनी आत या, काम करा. आमचं बाकीच्यांशी काही नाही."

"आधी त्याला, मग एकेकाला," बाहेरून हुसेनभाई म्हणाला. "समजतं आम्हाला."

"काय समजतं बे? ये की आत, समजावतो."

दस्तगीर पुढं आला. चष्म्याला दोरा तसाच बांधलेला. "सिद्राम, माझ्या डोळ्यात बघून सांग. मी कापला?"

सिद्रामनं डोळ्यात बघितलं नाही. त्यानं दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. राजेशम सगळ्यांत मागं, भिंतीला टेकून, जमिनीकडं बघत होता. शेठ पायऱ्यांवर उभे होते.

मी फाटकाच्या मधोमध गेलो. गुडघ्यानं खडा आवाज केला, तो सगळ्यांना ऐकू गेला असावा.

"बीम मी कापला," मी म्हणालो.

"मास्तर, गोष्टी नकोत आज," सिद्राम म्हणाला.

"गोष्ट नाही. काल संध्याकाळी बीम मीच चढवला, बरोबर? तिरका बसला. कडेचे धागे एकमेकांत गेले. सोडवत बसलो असतो तर चार तास गेले असते. मी दमलो होतो. आज सकाळी रातपाळी निघाल्या निघाल्या मागच्या दारानं आलो, कुणी नव्हतं, आणि ब्लेडनं गुंता कापून टाकला." मी खिशातून ब्लेड काढून दाखवलं. जॉबरच्या खिशात ब्लेड असतंच. "टोकं चोळून पिंजली, म्हणजे उंदरासारखी दिसावीत. म्हटलं, उंदरावर जाईल. नाहीतर दस्तगीरवर जाईल. माझ्यावर येणार नाही."

 मी त्यांचे चेहरे बघत होतो. आयुष्यभर मी लोकांना थापा मारल्या, पण थाप अशी आत उतरताना कधी बघितली नव्हती. त्यात वाघ नव्हता, भूत नव्हतं, उडणारा धोटा नव्हता. एक आळशी जॉबर होता, आपली चूक कामगाराच्या गळ्यात बांधणारा. ती त्यांना आधीपासूनच पाठ होती.

"मला वाटलंच होतं," सिद्राम म्हणाला.

"जॉबर लोकां असेच," फाटकाबाहेरून हुसेनभाई म्हणाला. "त्या साली माझ्या तीन नंबरचा गिअर ह्यांनीच फोडला, नाव माझं."

"गिअर?" आतून कुणीतरी म्हणालं. "माझा तर पंधरा दिवसांचा माल खराब म्हणून..."

"लायनी वाकड्या, तोच ना? तो ह्यांच्या फणीमुळं! मी तेव्हाच म्हटलं होतं तुला."

"म्हटला होतास की. मी ऐकलं नाही."

"जॉबरची जातच असली."

फाटक कधी पूर्ण उघडलं मला कळलं नाही. बाहेरचे आत आले होते, आतले पुढं आले होते, आणि मी मधे होतो. दांडे खाली टेकलेले. माझ्या बावीस वर्षांतली पापं एकेक करून निघत होती. त्यातली निम्मी मी केली नव्हती, निम्मी केली होती. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं तारीख सांगायची, तिसऱ्यानं साक्ष द्यायची. कोण कुठल्या पाळीतला, कोण कुठला, मला त्या गर्दीत वेगळं काढता येईना.

शेठ पायऱ्यांवरूनच ओरडले, "मास्तर, चाव्या ठेवा आणि चालू पडा! उद्यापासून तोंड दाखवायचं नाही." फार छान ओरडले. मलाही क्षणभर खरं वाटलं.

मी चाव्या पहारेकऱ्याच्या स्टुलावर ठेवल्या. वळलो तर समोर दस्तगीर.

त्याला कळेल असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. दुपारी त्यानं माझी थाप एका वाक्यात पकडली होती. आताही पकडेल, डोळ्यांनी काहीतरी सांगेल, आणि तेवढ्यावर मी घरी जाईन, असा माझा हिशेब होता.

"म्हणून दुपारी आला होताव," तो म्हणाला.

मी ब्लेड खिशात टाकलं.

"मला घरी बसवायला. संध्याकाळी येऊ नकोस म्हणालाव. म्हणजे माझ्यावरच राहिलं असतं." त्याचा आवाज चढला नाही. "माझ्या पोरींसमोर बसून माझी भाकरी खाल्लीत."

तो माझ्या पायाजवळ थुंकला. मग मागं वळला. तिथं राजेशम उभा होता. दोघं किती तरी दिवसांनी समोरासमोर आले असतील. राजेशमनं हात पुढं केला, त्याच्या चष्म्याचा सुटलेला दोरा काडीला पुन्हा गुंडाळला आणि गाठ मारली. विणकराची गाठ, बारीक, दिसत नाही अशी. ती मारताना त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

राजेशमला सगळं माहीत होतं. पण त्यानं कधीच कुणाला सांगितलं नाही. माझं सांगायचं तर आधी त्याला स्वतःची ती सकाळ सांगावी लागली असती.

*

शेठनी शब्द पाळला. यादी बदलली. महिनाभरात पहिली आणि दुसरी पुन्हा तेलाच्या डब्यावरून भांडायला लागली, असं मला पानवाल्याकडून कळलं. मला मात्र गावात कुणी जॉबर म्हणून उभं केलं नाही. एका नातेवाइकाच्या गोदामात मी गठ्ठे मोजत राहिलो. दस्तगीर रस्त्यात भेटला की पलीकडून जायचा. त्याच्या थोरलीच्या लग्नात सिद्राम वाढप्या होता म्हणे. मला बोलावणं नव्हतं.

आता मी ऐंशीच्या पुढं आहे. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढायला गेलो होतो. डोळ्यांत थेंब घालून आम्हाला ओळीनं बाकावर बसवलं होतं, सगळे आंधळे. शेजारी दोघं बसले होते, आवाजावरून चाळिशीतले, म्हाताऱ्यांना घेऊन आलेले. माग चालवणारेही वाटले, कारण माग चालवणारा माणूस शांत ठिकाणीसुद्धा ओरडून बोलतो.

"नवा जॉबर बरा आहे म्हणतोस?" एक म्हणाला.

"कुठला बरा रे फैयाज? जॉबर तो जॉबर. तुला ती गोष्ट माहीत नाही का? एका कारखान्यात जॉबरनं तलवारीसारखा सुरा घेऊन सात बीम कापले आणि कामगारांवर ढकललं. दोन्ही पाळ्यांनी मिळून असा तुडवला त्याला, की तो गाव सोडून गेला."

"अरे हणमंता, हे आमच्या अब्बांनी सांगितलंय की मला! तोच ना, जेवायला घरी जायचा आणि बीम कापायचा?"

"तोच."

"हरामखोर."

"सात बीम, विचार कर."

दोघांचं इतकं जमलं होतं की मला ऐकवेना. थेंबांनी डोळे चुरचुरत होते, नर्स अजून हाक मारत नव्हती. मी काठी आपटली आणि आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"सात नाही हो," मी म्हणालो. "अकरा. मी तिथंच होतो."